एक सूत इकडेतिकडे

मराठी घरातल्या शोकेसमध्ये मालकाच्या आवडीची वस्तू ठेवायची मुळात पद्धतच नव्हती. तिथं मान डोलावणारी तंजावरची बाहुली असे, कन्याकुमारीच्या शिंपल्यांचा गणपती असे, सासऱ्यांना निवृत्तीच्या दिवशी मिळालेलं आणि त्यांच्याबरोबरच निवृत्त झालेलं घड्याळ असे, वक्तृत्व स्पर्धेतला उत्तेजनार्थ कप असे, आणि ज्यातून आजवर कुणीही चहा प्यायलेला नाही असा सहा कपबश्यांचा सेट असे. या वस्तू कुणी निवडल्या नव्हत्या. त्या घरात आल्या आणि टाकवत नाहीत म्हणून काचेआड गेल्या. त्यांच्यावर उजेड पाडावा असं कुणाच्या मनातही आलं नाही, आणि त्यात त्या वस्तूंचंही भलंच झालं. आग्र्याच्या ताजमहालात तेवढा बल्ब असे, पण तो त्याचा स्वतःचा होता आणि प्रवासातच गेलेला असे.

आता त्याच भिंतीवर एका वेगळ्याच माणसाचा डोळा आहे. बीपीची गोळी नुकतीच सुरू झालेला, गृहकर्जाचे निम्मे हप्ते फेडलेला हा गृहस्थ घर झोपल्यावर दिवाण उघडतो, रजयांच्या खालून एक खोकं काढतो, त्यातून एक फियाट काढतो, मोबाइलच्या टॉर्चखाली चहूबाजूंनी फिरवून बघतो आणि परत ठेवून देतो. फियाट म्हणजे प्रीमियर पद्मिनी, काळी-पिवळी, एकास त्रेचाळीस प्रमाणातली, लांबीला जेमतेम नऊ सेंटिमीटर. खऱ्या पद्मिनी टॅक्सीनं मुंबईचा निरोप घेतला २०२३च्या ऑक्टोबरअखेर. त्याआधी सप्टेंबरात ‘बेस्ट’च्या जुन्या डिझेल डबलडेकर गेल्या होत्या. त्यामुळे असली मॉडेलं जमवणाऱ्या मंडळींचा दावा असा, की हे खेळणं नव्हे, जतन आहे. घरच्यांचं म्हणणं असं, की जतन करा, पण रजया कुठं ठेवायच्या तेही सांगा.

इथून काचेच्या कपाटाचा विषय निघतो. मॉडेल जमवायला पैसे लागतात. ती मांडायला संमती लागते.

पहिला प्रश्न भिंतीचा. हॉलची मोठी भिंत टीव्हीची, तिच्याबद्दल बोलायचंच नाही. दुसरी सोफ्याची. तिसऱ्या भिंतीवर सासूबाईंच्या नजरेत देव्हारा आहे, प्रत्यक्षात अजून नाही. उरते ती पश्चिमेच्या खिडकीसमोरची, जिथं दुपारी चारला ऊन सरळ येतं आणि जिथं म्हणूनच आजवर काही ठेवलेलं नाही. ही भिंत फार उदारपणे दिली जाते. संग्रहालयांचा रिवाज असा आहे, की जलरंगातली चित्रं किंवा जुनं कापड यांच्यावर साधारण ५० लक्सपेक्षा जास्त उजेड पडू द्यायचा नाही, तैलचित्रांना २००च्या आसपास चालतो. थेट उन्हाचा हिशोब हजारांत जातो. त्यात लाल रंग बहुधा सगळ्यांत आधी मान टाकतो. एसटीची लाल परी त्या भिंतीवर दोन उन्हाळ्यांत गुलाबी परी होते, आणि बसच्या कपाळावरचा ‘स्वारगेट’ पिवळा पडून सुटायला लागतो. पण भिंत नाकारली तर दुसरी मिळणार नसते. मग जाड पडदा येतो आणि पडद्याचं बिल छंदाच्या खात्यावर पडतं.

घरच्यांसमोर ठेवायला इतिहासात दाखले आहेत. सतराव्या शतकाच्या अखेरीस ॲमस्टरडॅममध्ये पेट्रोनेला ऊर्टमन नावाच्या बाईंनी आपल्या बाहुलीघरासाठी कपाट करवून घेतलं. यजमान रेशमाचे व्यापारी. कपाटावर कासवाच्या पाठीचं आणि कथलाचं जडावकाम, आत चीनहून मापानं करून आणलेली इवलीशी भांडी. एकूण खर्च वीस ते तीस हजार गिल्डर. तेवढ्या पैशांत त्या काळी कालव्याकाठी माणसांना राहायचं खरं घर मिळत असे. ते कपाट आज राइक्स म्युझियममध्ये दिमाखात उभं आहे. हा दाखला मात्र जपून वापरावा. आमच्या एका स्नेह्यांनी तो जेवताना सांगितला, तर ताटात आमटी वाढता वाढता प्रश्न आला, “मग तिनं घर का नाही घेतलं?”

त्यापेक्षा एडविन लुटियन्स बरे. नवी दिल्ली आखणाऱ्या या गृहस्थांनी १९२१ ते १९२४ या काळात राणी मेरीसाठी एकास बारा प्रमाणातलं बाहुलीघर रचलं. त्यात वीज चालू, नळाला पाणी, लिफ्ट वरखाली जाते, तळघरात खरी वाइन. म्हणजे एका हातानं व्हाइसरॉयचा राजवाडा आणि दुसऱ्या हातानं हे. आपल्याकडचंच काही हवं असेल तर भायखळ्याच्या राणीच्या बागेतलं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय बघून या. १८७२ साली लोकांसाठी खुल्या झालेल्या त्या वास्तूत मातीच्या छोट्या मूर्तींतून जुन्या मुंबईची माणसं, त्यांचे पोशाख, त्यांचे धंदे मांडलेले आहेत, आणि जुनी लाकडी कपाटंही मुद्दाम दुरुस्त करून राखली आहेत. मी तिथं मूर्तींइतक्याच बिजागऱ्या बघत फिरलो. सुरक्षारक्षक माझ्या मागं मागं फिरला.

पण घरातलं कपाट करायला येतात ते मिस्त्री.

“आत काय ठेवायचंय साहेब?”

“गाड्या.”

“छोट्याच्या का?”

“माझ्या.”

मिस्त्री एकदा आपल्याकडे बघतात, एकदा स्वयंपाकघराच्या दाराकडे, आणि अत्यंत सौम्य आवाजात म्हणतात, “करून देऊ की.” मग ते कागदावर कपाट काढतात. त्यात खाली चार ड्रॉवर असतात, मध्ये म्युझिक सिस्टिमची जागा असते, एका बाजूला बूट, वर लॉफ्ट, आणि उरलेल्या दीड फुटात कमान. कमान कशाला, हे विचारू नये. मिस्त्रींच्या हाताला सवय असते.

त्यांच्या मापाप्रमाणे शोकेसची खोली पंधरा ते अठरा इंच. साहेबांच्या गाड्या एकास चौसष्टच्या असतील तर त्यांची लांबी सात सेंटिमीटर. अठरा इंच खोल फळीवर ती गाडी मागं सरकली की सापडायला टॉर्चच लागतो, म्हणजे दिवाण काय वाईट होता! एकास अठराची मोठी गाडी पंचवीस सेंटिमीटर भरते, पण आडवी उभी केली तर तिलाही सहा इंच खोली पुरते. आठ-दहा इंचांवर कुणाचंच अडत नाही. उंचीचंही तसंच. मिस्त्री दोन फळ्यांत फूटभर अंतर सोडतात, कारण कपबश्या, फुलदाणी आणि ट्रॉफी त्याहून कमीत मावत नाहीत. एकास चौसष्टची मोटार असते दोन सेंटिमीटर उंच. तिच्या डोक्यावर फूटभर मोकळं आकाश सोडलं तर संग्रह दिसत नाही, दिसतो तो वाहनतळ, आणि तोही कर्फ्यूतला. चार इंचांवर फळी घ्या. डबलडेकरसुद्धा सात सेंटिमीटरमध्ये मावते. फळ्या खालीवर सरकवता येतील अशा घ्या, कारण हा छंद एका प्रमाणावर थांबल्याचं ऐकिवात नाही.

मिस्त्रींचं जग फूट, इंच आणि सूत यांत चालतं. इंचाचा आठवा भाग म्हणजे एक सूत. फळी बसवताना ती किंचित तिरकी गेली, की ते मागं सरकून एक डोळा मिटून बघतात आणि म्हणतात, “एक सूत इकडेतिकडे चालतंय.” त्यांच्या जगात चालतं. एकास चौसष्टच्या जगात एक सूत म्हणजे बरोबर आठ इंच. तेवढ्यात टॅक्सी फुटपाथवर चढते. शिवाय या गाड्यांची चाकं खरोखर फिरतात, त्यामुळे एका सुताच्या उतारावर सगळा संग्रह रात्रीतून फळीच्या डाव्या टोकाला जमतो. सकाळी उठून बघावं तर दादरच्या पुलाखाली सहा वाजता असतं तसं दृश्य. यावर स्पिरिट लेव्हल हा एकच उपाय, आणि ती मिस्त्रींच्या पिशवीत असली तरी बाहेर काढायला सांगणं हा त्यांच्या चाळीस वर्षांच्या नजरेचा अपमान असतो. चहा देऊन, दुसरा विषय काढून, मग सांगावं.

काचवाल्याचं थोडक्यात सांगतो. सरकत्या काचा घेऊ नका. त्या स्वस्त पडतात, जागा वाचवतात हे खरं, पण एका वेळी अर्धंच कपाट उघडतं आणि हवी ती गाडी कायम दुसऱ्या अर्ध्यात असते. दोन काचा जिथं एकमेकींवरून जातात तिथली फट म्हणजे धुळीचा महामार्ग. बिजागरीचं दार, कडेनं रबरी पट्टी आणि कुलूप, एवढं हवं. काच टफन्ड घेतलीत तर भोकं, खाचा, माप सगळं आधी ठरवा. एकदा टफन्ड झाली की ती कापता येत नाही, भोक पाडता येत नाही. प्रयत्न केला तर एका क्षणात तिचे चणे-फुटाणे होतात. आणि फळीही काचेचीच हवी, जाड हवी. लाकडाची फळी वरचा उजेड वरच अडवते, खालच्या मजल्यावर कायमचं भारनियमन.

उजेड मात्र सविस्तर बोलण्याचा विषय आहे, कारण नव्वद टक्के कपाटं तिथं वाया जातात. हा आकडा माझा आहे आणि तो पाहुणा म्हणून घरोघरी बसून काढलेला आहे.

इलेक्ट्रिशियन येतो तो खिशात उत्तर घेऊनच. एलईडी पट्टीचं पाच मीटरचं रीळ. “झगझगीत करून टाकतो साहेब.” बारा व्होल्टच्या पट्टीवर दर तीन दिव्यांनंतर कात्रीची बारीक खूण छापलेली असते, तिथंच कापायचं, मध्ये कापलं तर तेवढा तुकडा मेला. कपाटाला लागतात तीन मीटर. उरलेल्या दोन मीटरचं काय करायचं हे विचारायला आपण वळतो तोवर ती त्यानं देव्हाऱ्याच्या नियोजित भिंतीवर लावून टाकलेली असते, आणि घरात त्या दिवशी सर्वांत जास्त कौतुक त्याच दोन मीटरांचं होतं.

कपाटातली पट्टी तो फळीच्या मागच्या कोपऱ्यात चिकटवतो. का? तर तिथं ती दिसत नाही. पट्टी दिसत नाही हे खरं, पण तिथून उजळते ती मागची भिंत, आणि तिच्यासमोर गाड्या काळ्या पडतात. ओळखपरेडला उभ्या केलेल्या संशयितांसारखी ती रांग दिसते. फियाट कुठली आणि ॲम्बेसेडर कुठली हे साक्षीदाराला शपथेवर सांगता येणार नाही. पट्टी हवी पुढं, दाराच्या चौकटीच्या आतल्या अंगाला, तोंड मागं आणि खाली वळवलेलं. किंवा दोन्ही बाजूंच्या पुढच्या खांबांत उभी, म्हणजे प्रत्येक मजल्याला सारखा वाटा. एकास अठराच्या मोठ्या गाड्या सर्वांत खाली ठेवायच्या. त्या वर ठेवल्या की त्यांच्या सावलीत खालचे तीन मजले जातात. मोठ्यांनी वर बसायचं ही रीत इथं चालत नाही.

पट्टी पुढं आली की नवा घोळ. काळ्या ॲम्बेसेडरच्या बॉनेटवर जरा वाकून बघा. उघड्या पट्टीतला एकेक दिवा त्या तकतकीत फुगवट्यावर वेगळा उमटलेला असतो. पांढऱ्या ठिपक्यांची एक ओळ, मधोमध सुटी सुटी, कडेला जवळ येत गेलेली, टपावर पुन्हा तीच, डिकीवर पुन्हा. मंत्र्याच्या गाडीला लग्नाची रोषणाई. खरी मोटार आकाशाखाली उभी असते तेव्हा तिच्या अंगावर उजेडाचा एकच सलग पट्टा असतो, आणि डोळा त्यावरूनच ‘खरी’ की ‘खेळणं’ हे ठरवतो. म्हणून पट्टी ॲल्युमिनियमच्या चॅनेलमध्ये घालायची आणि त्यावर दुधी झाकण लावायचं. नाहीतर सीओबी पट्टी घ्यायची, तिच्यात ठिपके दिसतच नाहीत. त्या चॅनेलसाठी थोडे जास्त पैसे जातात. तेवढे द्या. सगळ्या खर्चात एवढाच खर्च गाडीच्या अंगाला लागतो.

मग रंग. दुकानात ३०००, ४००० आणि ६५०० केल्विन असे तीन डबे असतात, आणि दुकानदार त्यांना पिवळा, मधला आणि पांढरा म्हणतो. पांढरा म्हणजे जास्त उजेड अशी आपली ट्यूबलाइटच्या काळापासूनची श्रद्धा. त्यामुळे ६५०० घरी येतो आणि क्रीम रंगाची ॲम्बेसेडर त्याखाली थेट शववाहिका दिसते. ३०००खाली पांढरी गाडी जुन्या मळकट धोतराच्या रंगाची होते. मी ४०००च्या बाजूचा आहे आणि या बाबतीत चर्चेला तयार नाही. त्याहून महत्त्वाचा सीआरआय, म्हणजे दिव्याखाली रंग किती खरा दिसतो त्याचा अंक. तो ९०च्या वर हवा. हलक्या पट्टीखाली लाल रंग मेल्यागत तपकिरी दिसतो, आणि आपल्या संग्रहात एसटी लाल, बेस्ट लाल, अग्निशमन दल लाल. दुकानदाराला विचारावं, “सीआरआय किती?” तो म्हणतो, “दोन वर्षं गॅरंटी.”

एक इशारा रंगीबेरंगी पट्टीबद्दल. तिच्याबरोबर चव्वेचाळीस बटणांचा रिमोट येतो. तो कोणत्याही कुलपात ठेवा, आठवड्याच्या आत भाचेमंडळींच्या हातात असतो आणि मग हिरव्या उजेडातली फियाट, जांभळ्या उजेडातली फियाट, शेवटी सगळीच लुकलुक. गणपतीत ती पट्टी मखराला मागितली जाते. द्यावी. परत मागू नये. अडॅप्टर मात्र कपाटाबाहेर ठेवा. तो तापतो, आणि बंद काचेत साठलेली ऊब कुठल्याही मॉडेलला मानवत नाही.

बंद कपाटातल्या हवेचं हे प्रकरण वाटतं त्यापेक्षा गंभीर आहे. नवं प्लाय, नवा गोंद, आंबट वास मारणारं सिलिकॉन यांच्यातून आम्लाच्या वाफा निघत राहतात. जुन्या जहाजांच्या मॉडेलांवरच्या शिशाच्या तोफा लाकडी कपाटांत अशाच पांढरी भुकटी होऊन गेल्याची उदाहरणं संग्रहालयांना चांगली ठाऊक आहेत. म्हणून कपाट झालं की ते काही आठवडे रिकामं, दारं उघडी टाकून ठेवायचं. घरात रिकामं उघडं कपाट! पहिल्या संध्याकाळी त्यात इस्त्रीचे कपडे येतात, दुसऱ्या दिवशी बटाटे. त्यांना तिथून उठवणं हा पोटभाडेकरूला उठवण्याइतका दीर्घ कार्यक्रम असतो.

त्यानंतर आत्या येतात. आत्यांना कपाट आवडतं. त्या परत गेल्यावर चार दिवसांनी लक्षात येतं, की त्यांनी प्रत्येक फळीच्या कोपऱ्यात प्रेमानं दोन दोन डांबराच्या गोळ्या ठेवल्या आहेत. कपड्यांना ठीक; पण पॉलिस्टायरीनच्या किटमधून जोडलेल्या विमानाला त्या वाफा लागल्या की पंख मऊ पडतो. आत्यांना हे सांगता येत नाही. गोळ्या गुपचूप काढायच्या आणि त्यांच्या जागी औषधाच्या बाटल्यांतून नि बुटांच्या खोक्यांतून साठवलेल्या सिलिका जेलच्या पुड्या ठेवायच्या. ‘खाऊ नये’ असं लिहिलेल्या त्या पुड्यांचा कुठंतरी उपयोग होईल या आशेवर आपण इतकी वर्षं त्या जपल्या, तो उपयोग हाच.

झाडलोटीला येणाऱ्या मावशींना काच पुसू द्यावी, बाहेरून. आत त्या ओला कपडा घालतात आणि बाजूचे आरसे, अँटेना, वायपर एकाच फटक्यात दुरुस्तीला काढतात. आतली धूळ मऊ ब्रशनं काढायची. असा ब्रश घरात एकच असतो, तो ड्रेसिंग टेबलवर असतो आणि त्याची किंमत फियाटपेक्षा जास्त असते. आपला वेगळा आणा.

एवढं सगळं झाल्यावर हिशोब मांडला तर कपाट आतल्या गाड्यांच्या एकत्रित किमतीच्या वर गेलेलं असतं. पेट्रोनेलाबाईंची परंपरा आहे, कुरकुर करू नये. फक्त दिव्याचं बटण स्वतंत्र घ्या. ते हॉलच्या पंख्याच्या बोर्डावर घेतलंत तर दर वेळी कुणीतरी पंखा समजून संग्रह बंद करतं.

आणि वाचकहो, तुमच्या स्वतःच्या घरी असलं काही नसेल तर तुम्हाला एक विनंती. अशा घरी जाल, गप्पांच्या मध्येच यजमान उठतील आणि काही न बोलता एक बटण दाबतील. त्या वेळी “केवढ्याला पडली?” विचारू नका, “ऑनलाइन अडीचशेला मिळते” असं सांगू नका, आणि “चालते का?” तर मुळीच नको. जवळ जाऊन “एकास त्रेचाळीस का?” एवढंच म्हणा आणि सोबतच्या लहान मुलाचे दोन्ही हात धरून ठेवा.